मशीनमधला कावळा

—गानी नकोत वो दादा. सुतकाच्या घरात गानी कोन लावील? आमाला आवाज पायजे फक्त. आदिनाथनं दुकानात काय सांगितलं तुमाला — नुस्तं आवाज येत न्हाई, एवढंच? बरं. पुढचं बोलायला लाज वाटली आसंल त्येला, माझा ल्योक हाय, मला ठावं हाय. मंग मीच सांगते. बसा तुमी, खुर्चीवर बसा, ती तिचीच खुर्ची हाय पन बसा, त्येला काय हुतंय. पानी इचारत न्हाई म्हनून राग मानू नका — उद्या दहावा हाय सुनंचा, तवर ह्या घरचं पानी परक्यानं घ्यायचं न्हाई. स्नेहल तिचं नाव. मळ्यातल्या हिरीत पाय घसरून गेली. ह्ये मशीन तिचंच, लग्नात श्रीरामपूरहून टेम्पोत घालून आनलं हुतं. लोकांच्या सुना फ्रीज आनत्यात, कपाट आनत्यात, हिनं ह्ये आनलं. उतरवताना समदी वस्ती बघाया गोळा झाली. तिचा बाप म्हनला, पोरगी कंप्युटर शिकलीय, तुमच्या गावात क्लास काढील. आमी हो म्हनलो. लग्नाच्या मांडवात कोन न्हाई म्हनतं?

हां, चालू हुतंय बघा, टीव्हीवानी उजेड पडला. चालू हुतं, चित्रं दिसत्यात, तो बान फिरतो, पन मुक्यावानी. आता ऐका. ही ताटली घ्या, शीडी म्हनत्यात ना हिला — हिच्यात जनावरं हायेत, पाखरं हायेत, चित्रावर टिचकी मारली का ज्येचा त्यो आवाज काढतो. वाघ, हत्ती, मोर, समदं. त्यातला कावळा पायजे मला. असं बघू नका. कावळा वरडवायचा आन् त्यो ह्या टेपात भरून घ्यायचा — क्यासेट कोरी आनलीय, टेपात सेल नवं घातल्यात, आन् दोन्हीच्या मधी लावायची वायर तुमी आनलीय ना? आनलीय. झालं, एवढंच काम. तुमी म्हनाल, ह्या बाईला कसं ठावं मशीनीत कावळा हाय. तिनंच दावला हुता की. नवी नवरी हुती, मी दारात शेंगा फोडीत बसल्ते, तर म्हनली, आई, आत या, गंमत दावते. आन् कावळा वरडला तसा आमचा कुत्रा अंगनातून भुकत आत आला आन् टेबलाखाली शिरून हुंगाया लागला. लई हसलो आमी. मी पदर तोंडात कोंबून हसले. त्याच्यानंतर दोघी मिळून कधी हसलो का — न्हाई, मला आठवत न्हाई.

आता कावळा कशाला, आसं मनात आलं आसंल तुमच्या. तुमच्यात दहाव्याला कावळा बघत्यात ना? मंग तुमाला काय सांगायचं. पिंड ठिवलं, मानसं लांब झाली, कावळा शिवला का सुटला जीव. न्हाई शिवला तर कायतरी मागं ऱ्हायलंय. माझ्या सासऱ्याच्या टायमाला न्हाई शिवला — ऊन डोक्यावर आलं, प्रवचनाचं म्हाराज घड्याळ बघाया लागलं — शेवटी थोरल्या दिरानं हात जोडून मोठ्यानं सांगितलं, धाकट्याला हिरीचं पानी देतो, अडवनार न्हाई, का आला कावळा भर्रकन. साऱ्या गावानं बघितलं. गेलेल्या मानसाला काय पायजे त्ये मोठ्यानं बोलावं लागतं बघा, मनात म्हनून भागत न्हाई. आन् उद्या आमची विहीन येनार हाय, मालनबाई, स्नेहलची आई. मातीला आली तवा रडली न्हाई. बाकीच्या बाया हंबरडा फोडत्यात आन् ही आपली माझ्या तोंडाकडं बघती. जाताना म्हनली, मनकर्णाबाई, दहाव्यापतूर आमी गप बसतो, माझ्या लेकीच्या पिंडाला कावळा शिवला तर आमी बी म्हनू पाय घसरला, आन् न्हाई शिवला तर घाटावरनं थेट पोलीस ठान्यात जातो. वरनं काय म्हनली, गवताचा कावळा आमाला चालनार न्हाई. म्हंजे बघा, कावळा न्हाईच आला तर दर्भाचा करून शिवायची रीत हाय, भटजी सवता करतो — तिला त्यो बी नको. आता तुमीच सांगा, देवाला गवताचा कावळा चालतो तर मशीनीतला का चालू नये? आन् मी काय ह्यो कावळा पिंडाला लावनार न्हाई. ह्यो नुस्ता हाक मारनार. सीना नदीच्या घाटावर जांभूळ हाय, तिच्यात टेप बांधायचा, आदिनाथचा एक मैतर बसल तिथं. एक वरडला का धा येत्यात. ह्येच्यात फसवनूक काय हाय? आमच्याकडं कावळं ऱ्हायल्यात कुठं — झाड न्हाई, पानी न्हाई. उद्या कावळाच फिरकला न्हाई तर त्येचा बोल माझ्या पोराला का? पोरगं आत जाईल वो. एकुलतं एक हाय.

काय सापडलं? कुठं — ह्यो खालच्या कोपऱ्यातला ल्हान भोंगा व्हय? त्येच्यावर लाल रेघ हाय, म्हंजे आवाज दाबून ठिवलाय. कोन दाबील, तिनंच. दुसरं कोन हात लावतंय ह्येला. माझ्या पायाचा आवाज आला का दाबायची. दारापतूर यावं तर आत कायतरी बोलतंय, इंग्रजीत, एक बाई बोलती आन् ही तिच्या मागनं म्हनती, परत परत तेच. दार लोटलं का चिडीचूप. ही आपली मांडीवर हात ठिवून बसलेली. मी म्हनायचे, काय चाललंय गं? काय न्हाई आई. आता इंग्रजी शिकत हुती तर सांगायचं ना मला, मी काय खात हुते का तिला? पन न्हाई, चोरावानी. मानूस चोरावानी वागलं का दुसऱ्याला बी वाटतं, हितं कायतरी चोरी हाय. काढली का रेघ? येतो का आवाज? न्हाई ना. मंग नुस्ती रेघ नव्हती.

बघा नीट, लाईट जायच्या आत झालं पायजे. काय म्हनता, वाजवनारंच न्हाई आत? म्हंजे त्यो जो कार्यक्रम आसतो गानी वाजवायचा त्यो काढून टाकलाय कुनीतरी? आपोआप न्हाई का जात? न्हाई जात. मंग आदिनाथनं काढला आसंल. त्येला तेवढंच येतं, काढायचं. घालायला येत न्हाई. त्येचं बी काय चुकलं म्हनावं — दुपारची ही खिडकी उघडी टाकून गानी लावायची, आन् रस्त्यानं जानारी पोरं सायकली थांबवून ऐकत बसायची. पानाच्या टपरीवर कुनीतरी म्हनलं त्येला, काय आदिनाथराव, घरात आर्केस्ट्रा ठिवलाय का. पोरगं तापट हाय, बापावर गेलंय. आला तसा बसला हितंच, टकटक करून समदं पुसलं. ती म्हनली आसंल कायतरी, एकदोन दिल्या आसतील त्येनं. नवरा हाय. घरोघरी मातीच्या चुली, दादा, तुमचं लगीन झालं का कळंल. मी काय मधी पडले न्हाई. नवराबायकोच्या मधी सासूनं पडू नये म्हनत्यात, पडलं तरी वंगाळ, न्हाई पडलं तरी वंगाळ. मी भायेरनं कडी लावून घेतली, शेजारपाजारचं कुनी आत येऊ नये म्हनून. तुमच्या पिशवीत हाय का दुसरा कार्यक्रम? घाला. ती निळी पट्टी सरकतीय ती भरली का झालं ना? सरकू द्या. तिच्या टायमाला बी ही पट्टी आशीच सरकायची, ती गालाला हात लावून बघत बसायची, पोळी तव्यावर जळाली तरी सुध न्हाई.

भरली. आता तर समदं घातलं — आन् तरी मुकंच? तुमाला येतं ना ह्ये काम? न्हाई, दुकानदार म्हनला चांगला मानूस पाठवतो, म्हनून इचारलं. आवो खाली कुठं जाताय. टेबलाखाली नका शिरू, लई धूळ हाय, कापडं खराब हुतील. ऱ्हाऊ द्या म्हनते ना. उंदीर लई झाल्यात हितं, धान्याची खोली शेजारी, उंदरानं खाल्ली आसंल वायर — काय दावताय मला हातात धरून? दिसतंय. उंदरानं खाल्ली तर कुरतडल्यावानी तुटती, आशी सरळ तुटत न्हाई, मला बी कळतंय. विळ्यानं कापली. मी कापली. जोडा आता, त्येच्यासाठीच बोलावलंय तुमाला.

वायर खाली ठिवू नका, जोडत जोडत ऐका. तुमाला काय वाटलं, मी ल्हानपनापासून आशी हाय? तिनं परस्पर ठरवलं हुतं समदं. वस्तीवरच्या पोरी गोळा केल्या, सोमवारपासून क्लास, दारावर कागद बी चिकटवला. आमाला इचारलं न्हाई — इचारलं म्हना, दोनतीनदा इचारलं, आमी बघू म्हनलो. बघू म्हंजे न्हाई, ह्ये कळाया नको का शिकलेल्या मानसाला? आमचं मालक म्हनले, आपल्या घरातली बाई मास्तरीन व्हनार, दारात परक्याच्या चपला पडनार, हे मला जमायचं न्हाई, काय करायचं त्ये तू कर. हे नेहमीचंच त्येंचं, करायचं मी आन् नामानिराळं ऱ्हायचं त्येंनी. मंग मी म्हनलं, भांडान नको, मशीन फोडायला नको, साप मरावा आन् काठी बी मोडू नये. नुस्तं मुकं करावं. पोरी येतील, आवाज न्हाई म्हनून कंटाळतील, जातील आपापल्या घरी. ती परसाकडं गेल्ती तवा कापली. एका झटक्यात तुटली, एवढीशी तर हाय.

ती बी आशीच टेबलाखाली शिरली, तुमच्यावानी. ह्ये टोक घिऊन भायेर आली. मी चुलीपाशी भाकरी थापीत हुते. परातीत, पिठात ठिवलं माझ्यापुढं. बोलली काय न्हाई — न्हाई, बोलली. आई, ह्यात तुमाला काय मिळालं, म्हनली. तेवढंच. वरडली न्हाई, रडली न्हाई. आता सासूला आसं इचारत्यात का? माझं डोकं फिरलं. मी म्हनले, टाक जा त्ये डबडं हिरीत, न्हाईतर तूच जा. आता आसं म्हनत्यातच की वो. आमच्यात पोटच्या पोराला बी म्हनतो, जा मर तिकडं. माझी सासू मला उठता बसता म्हनायची हीर जवळ कर म्हनून, मी गेले का? कावळा बसाया आन् फांदी मोडाया एकच गाठ पडली, दुसरं काय न्हाई. ती पान्याला गेली, पायरीवर शेवाळ, पाय घसरला. पंचनाम्यात तसंच हाय. आता कळशी न्हेली नव्हती, पन त्ये त्यात कशाला — म्हंजे इसरली आसंल, मानूस रागात इसरतं. तुमी कुठं बोलू नका हां ह्ये. आदिनाथला बी ठाव न्हाई कळशीचं. त्यो शेतातनं आला आन् मी सांगितलं पान्याला गेली, तवा त्येनं पन तसंच सांगितलं समद्यास्नी. मी भाकरी भाजीत हुते. ती गेली त्ये मला दिसलं, दारातनं, वाट हिरीचीच हुती. म्हनलं जाईल थोडं लांब, बसंल रुसून, यील माघारी. उठले न्हाई मी. पीठ भिजवलेलं हुतं, समद्या भाकरी करूनच उठले.

जोडली? मशीन बंद करून परत लावा बरं. ... आला. आला वो आवाज. मशीन सुरू हुताना ह्यो असाच वाजायचा रोज, मला भायेर ऐकू यायचं, कळायचं बसली महारानी. लावा आता ताटली. मोर नको. पुढं जा, चिमनी नको, त्यो बघा, काळा, त्येच्यावर टिचकी मारा. ... बघा कसा वरडतो, खऱ्यावानी. टेप लावा, तांबडं बटन दाबा. परत वरडवा, मोठा करा, अजून मोठा, त्यो भोंगा वर न्या. खिडकी उघडते मी. घाटावर वाऱ्यात ऐकू गेला पायजे. वाजू द्या, थांबवू नका, क्यासेटीची एक बाजू भरू द्या.

थांबा. ऐकलं का? ह्यो मशीनीतला न्हाई. भायेर. गोठ्याच्या पत्र्यावर बघा — आला. त्यो दुसरा बी. म्हनलं न्हवतं मी? ती गेल्यापासून ह्या पत्र्यावर कावळा बसला न्हवता, मी रोज बघते, आन् आता बघा. विहीनबाई, या म्हनावं उद्या. वाजू द्या, दादा, तुमचं लई उपकार झालं. एक करते, हितंच बघते शिवतो का. सकाळचा भात हाय, खिडकीतनं कट्ट्यावर ठिवते. आन् ही बिस्किटं. तिला चहात बुडवून लागायची, मी डब्यात घालून वर फळीवर ठिवायचे, तिचा हात पोचू नये म्हनून. आता घे म्हनावं, पुडाच फोडला.

उतरला. कट्ट्यावर बसला बघा. शिव आता. चोच घासतोय नुस्ती. तुमी मागं सरा जरा, परकं मानूस बघून बिचकत आसंल. ... न्हाई. भाताला न्हाई, बिस्किटाला न्हाई. भुकेला कावळा बिस्किट सोडतो का वो कधी? बघतोय नुस्ता माझ्याकडं, मान तिरकी करून. स्नेहल, तुझं मशीन तुझ्या माहेरी पाठवते, उद्याच, टेम्पो करून. ... न्हाई. बरं न्हाई पाठवत, हितंच ठिवते, पोरी येऊ दे, मास्तरीन बघू कुनीतरी. मालकाला मी सांगते. ... आदिनाथचं दुसरं लगीन करनार न्हाई. ... मान बी हलवत न्हाई बघा. भ्या वाटतंय मला. मशीन बंद करा, दादा, बास झालं. त्यो नुस्ता बोलावतो, खायला लावत न्हाई. उद्या जांभळीतनं बी असाच बोलावंल आन् समद्या गावापुढं ह्ये आसं बसतील, पिंडाकडं बघत. टेप बी बंद करा.

मला ठावं हाय वो तिला काय पायजे. त्ये मी घाटावर कसं म्हनू? मालनबाई उभी ऱ्हानार समोर. मी बोलले तर पोराला धरतील, मला धरतील, आन् न्हाई बोलले तर हे बघा, हे आसं बसनार. मघाशी तुमी वायर गुंडाळत हुता तवा हळू म्हनले मी एकदा, व्हटातल्या व्हटात. न्हाई शिवला. मोठ्यानंच म्हनावं लागनार. हितं म्हनून बघते, हितं शिवला तर मंग उद्याचं बघू. तुमी जावा आता. पिशवी घ्या, टेप ऱ्हाऊ द्या हितंच. फाटकाच्या पार जावा, तिथं बी थांबू नका, आन् ऐकू नका. जाताना दार हळू लावा, कावळं उडतील.